आजोबांचे जुने पाइप : ओळखायचे कसे, साफ कसे करायचे? (नागपूर)

गोरेवाड्याची मैना

महालातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आजोबांचे तंबाखू ओढायचे तीन पाइप सापडले. आजोबा रेल्वेत होते, अजनीला. मी दुसरीत असताना गेले. उन्हाळ्यात अंगणात पाणी मारून झालं की खुर्ची टाकून बसायचे आणि पाइप भरायला पंधरा मिनिटं घ्यायचे. डबा उघडला तर तोच वास.

पहिला वाकडा आणि जाड आहे. दांडीला धातूची कडी, तिच्यावर 'के अँड पी' आणि तीन बारीक चित्रं. लाकडावर तीन ओळींत 'मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड' असं आहे. याची तोंडाची नळी निघतच नाही. दुसरा सरळ, नळीत पांढरा 'सी' बसवलेला, लाकडावर गोलात 'मेड इन लंडन'. त्याच्या नळीवर दातांचे खोल खड्डे पडलेत. तिसरा पिवळसर पांढरा, एकदम हलका, दाढीवाल्या म्हाताऱ्याचं डोकं कोरलेला, स्वतःच्या मखमली पेटीत. पेटीची बिजागरी तुटली आहे.

पहिल्या दोघांच्या नळ्या काळ्याच्या हिरवट-तपकिरी झाल्यात. घरात कोणी ओढत नाही, ओढायचेही नाहीत. फक्त नीट ठेवायचेत. नागपुरात कोणाकडे द्यावेत?

जुनंपानं

ताई, आधी कोणाकडेच देऊ नका. कळकळीनं सांगतो, कारण मी दिला होता. वडिलांचा एक पाइप होता, तो एका पॉलिशवाल्याकडे टाकला. आठ दिवसांनी आरशासारखा चकचकीत होऊन आला आणि दांडीवरचे सगळे ठसे गेले होते. मशीनच्या चाकावर बारीक ठसा अर्ध्या मिनिटात उडतो. आज तो पाइप कुठला, कधीचा, काहीच सांगता येत नाही.

ठसा हीच पाइपची जन्मपत्रिका. खोलीत अंधार करा, मोबाइलची बॅटरी बाजूनं तिरपी धरा आणि फोटो काढा. समोरून न दिसणारी अक्षरं सावलीत उठून दिसतात.

पहिला डब्लिनच्या पीटरसनचा आहे. के अँड पी म्हणजे कॅप अँड पीटरसन. आयर्लंड प्रजासत्ताक झालं 1949 मध्ये, त्यामुळे पाइप त्या सुमाराचा किंवा नंतरचा. 1922 ते 1937 मधल्या पाइपवर 'आयरिश फ्री स्टेट' असतं. नळीचं भोक टोकाला आहे की वरच्या अंगाला, तेवढं पाहा. वर असेल तर ती पीटरसनची 1898 ची रचना, धूर जिभेवर न जाता टाळूकडे जावा म्हणून केलेली.

दुसरा बहुतेक कोमॉयचा. हे घराणं मूळ फ्रान्सच्या सँ-क्लोदचं, 1825 पासूनचं, 1879 मध्ये लंडनला आलं. भिंगातून तो 'सी' पाहा. जुना असेल तर तीन तुकड्यांचा असतो : आधी पांढरी चकती, तिच्यात काळी चकती, मग तोंडाशी तिसरा तुकडा. पुढे एकाच तुकड्याचे आले. दोन्हींचं लाकूड ब्रायर, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाजवळची गाठ. आगीत सहजी जळत नाही, म्हणून पाइपला तेच वापरतात.

सराफा ओळ

कडीवरची तीन चित्रं कोणती आहेत ताई? इतवारीत आमच्याकडे लोक असे पाइप चांदीचे समजून घेऊन येत राहतात जी.

गोरेवाड्याची मैना

भिंगातून पाहिलं. तीन पाकळ्यांचं पान, एक कुत्रा आणि उभा मनोरा.

सराफा ओळ

मग चांदी नाही, निकेल आहे. पान, कुत्रा, मनोरा ही पीटरसनची स्वतःची सजावट. डब्लिनच्या खऱ्या चांदीवर बसलेली बाई, मुकुट घातलेली वीणा आणि सालाचं अक्षर असतं. इंग्लंडच्या चांदीवर चालता सिंह, आणि बर्मिंगहॅमची असेल तर जहाजाचा नांगर. किंमत कमी झाली म्हणून मन लहान नका करू. आणि निकेल आहे म्हणून पितळेची पावडर घेऊन घासायलाही नका बसू. मऊ सुती फडक्यानं पुसा, पुरे आहे.

शाईपेन

नळ्यांचं मी सांगते. मी जुनी शाईची पेनं दुरुस्त करते आणि हा माल तोच आहे, एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. उजेड आणि उष्णता लागली की गंधक वर येतं, हिरवट होतं आणि कडवट वास मारतं. म्हणून पहिली गोष्ट : पाइप धुऊन सरगुंड्यांसारखे गच्चीवर वाळत घालू नका. आपल्या मे महिन्यात एका दुपारीत नळी आणखी खराब होईल.

अडकलेली नळी जोर लावून पिळू नका, दांडी फुटते. अख्खा पाइप पिशवीत गुंडाळून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. एबोनाइट धातूपेक्षा जास्त आक्रसतं, मग एकाच दिशेनं हळूहळू फिरवत काढा. पीटरसनच्या या घडणीत आटे नसतात, नळी नुसती दाबून बसवलेली असते.

नळी निघाली की कोमट पाण्यात दोन-तीन तास ठेवा, वरचा थर मऊ होतो. मग पाण्याचा पॉलिश पेपर : 600, 1000, 2000, याच क्रमानं. इतवारीत लोहाओळीला सगळे नंबर मिळतात. प्रत्येक नंबरला नळी पुसून उजेडात फिरवून पाहा. आधीच्या नंबरचे ओरखडे दिसत असतील तर पुढे जाऊ नका. घाई इथेच होते, आणि शेवटी चमक आली तरी आत धूसरपणा राहतो. 'सी'वर हात एकदम हलका.

दातांचे खड्डे काढता येतात. एबोनाइटला आपला मूळ आकार आठवतो. नळीच्या भोकात पाइप साफ करायची तार (कापसाची लव असलेली) घालून टोक उकळत्या पाण्यात थोडा वेळ धरलं की बरेचसे खड्डे आपोआप वर येतात.

जुनंपानं

आतून : तारेला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दांडी पुसत राहा, तार पांढरी बाहेर येईपर्यंत. सर्जिकलच्या दुकानात मिळतं. वाटीत, म्हणजे तंबाखू भरायच्या खळग्यात, काजळीचा जाड थर असेल तर सुरीनं खरवडू नका. गोल काडीला पॉलिश पेपर गुंडाळून एक मिलिमीटरपर्यंत आणा. वास घालवायचा असेल तर वाटीत कापूस भरून अल्कोहोलनं भिजवून रात्रभर ठेवतात, सकाळी कापूस तपकिरी होतो. अल्कोहोल नळीला मात्र लागू देऊ नका. ठशांच्या भागाला पाणी नाही, पेपर नाही, फक्त शेवटी थोडं मेण बोटानं.

तिसऱ्याला यातलं काहीही करू नका! तो मीरशॉमचा आहे, तुर्कस्तानात एस्किशेहिरला निघणारा मऊ दगड. जर्मन शब्दाचा अर्थ समुद्राचा फेस, पण आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस तो नव्हे, ते एका समुद्री जीवाचं हाड. हा दगड ओढता ओढता पांढऱ्याचा मधासारखा होतो. तुमच्या आजोबांच्या वर्षांचा रंग आहे तो, घासला की गेला. दगड अल्कोहोलही शोषून घेतो. कोरड्या मऊ कुंचल्यानं दाढीतली धूळ काढा, झालं.

गोरेवाड्याची मैना

काल रात्री बसले. फ्रीजरनं काम झालं, नळी निघाली. भोक वरच्याच अंगाला आहे! 'सी'मध्ये तीन तुकडे स्पष्ट दिसतात.

दुसऱ्याच्या नळीला पाणी उकळत ठेवलं होतं, तेवढ्यात आई आली. तिनं नळी हातात घेतली आणि म्हणाली, "बाबा डावीकडेच धरायचे, उजव्या हातानं शब्दकोडं भरायचे." खड्डे सगळे एकाच बाजूला आहेत. गॅस बंद केला. नळी साफ करीन, खड्डे राहू देते. कापसाचाही प्रयोग कुठल्याच पाइपवर करणार नाही, वास राहू दे.

आता फक्त पेटीची बिजागरी राहिली. ती कोण करून देईल?

सराफा ओळ

सराफ्यात दागिन्यांच्या डब्या बनवणारे बसतात, त्यांच्याकडे न्या. पाइप घरीच ठेवा, नुसती पेटी न्या. नवी मखमल लावून देतो म्हणतील, नको म्हणा. जुन्या मखमलीत त्या डोक्याचा आकार बसलेला असतो, नवीत पाइप हलत राहील. फक्त बिजागरी, तीही पितळेची.