किचनची चिमणी: डक्टवाली की विनाडक्ट? आणि दिसायला बरी कशी करायची? (नाशिक)

इंदिरानगरकर_ताई

नमस्कार मंडळी, इंदिरानगरला जुन्या बिल्डिंगमधला टू बीएचके घेतलाय आणि किचन पूर्ण उखडून नवीन करतोय. किचन १० बाय ८ आहे. पूर्वेच्या १० फुटी भिंतीला मेन ओटा, म्हणजे स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला, ही सासूबाईंची अट आहे आणि त्यात काही बदल होणार नाही. दक्षिणेची भिंत बाहेरची, तिला खिडकी, खिडकीखाली सिंक. पश्चिमेला ड्राय बाल्कनी, तिथे गॅस गीझर.

आता प्रॉब्लेम असा की डिझायनरने ड्रॉइंगमध्ये गॅस बरोब्बर भिंतीच्या मध्यभागी घेतलाय, वर काळी मॅट चिमणी आणि दोन्ही बाजूंना लाकडी ओपन शेल्फ, खाली सेज ग्रीन ट्रॉल्या. दिसतंय एकदम भारी, मला खोटं बोलायचं नाहीये. पण पाईप शेल्फवरून जाताना दिसेल म्हणून तो म्हणतो विनाडक्टची (धूर बाहेर नेणारा पाईप नसलेली) लावा, काही फरक पडत नाही. मिस्टरांना ती तिरकी काचेची हवीये कारण त्यांच्या मित्राकडे आहे. आणि आई म्हणते चिमणीच कशाला, आमचं आयुष्य गेलं की विना चिमणीचं.

आमच्याकडे रोज दोन वेळा फोडणीचा स्वयंपाक, आठवड्यातून एकदा काळ्या मसाल्याचा रस्सा, रविवारी मिसळ, आणि काळा मसाला घरीच भाजतो. तीन बर्नर घ्यायचाय. काय करू सांगा. बजेट चिमणीपुरतं २० हजारांपर्यंत.

ओटा_ते_माळा

ताई मी मॉड्युलर किचनचंच काम करतो, अंबडला वर्कशॉप आहे. डिझायनरला नाव ठेवत नाही पण "काही फरक पडत नाही" हे त्याने रविवारी तुमच्या घरी मिसळीचा कट करताना ओट्यापाशी उभं राहून म्हणून दाखवावं.

विनाडक्टची चिमणी हवा ओढते, तेल जाळीत अडकवते, वास कोळशाच्या फिल्टरमधून थोडा कमी करते आणि तीच हवा परत किचनमध्ये सोडते. म्हणजे उष्णता तिथेच, वाफ तिथेच. गॅस जळताना पण पाण्याची वाफ तयार होते हे लोक विसरतात, ती पण तिथेच. आणि मिरची भाजल्याचा ठसका कोळशाला ऐकत नाही. वर तो कोळसा धुता येत नाही, रोजच्या फोडणीवर तीन ते सहा महिन्यांत बदलावा लागतो. जिथे बाहेरची भिंतच नाही किंवा सोसायटी भोक पाडू देत नाही तिथे विनाडक्टची ठीक, नाइलाज म्हणून. तुमच्याकडे बाहेरची भिंत त्याच ओट्याच्या टोकाला आहे की! मग कशाला.

आधी पाईप कुठून जाणार ते ठरवा, मग गॅस कुठे ते, मग चिमणीची साईज, आणि रंग आकार सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हे बरोब्बर उलटं होतं आणि मग आम्हाला फोन येतो की दादा, माळा फोडून पाईप काढून द्या.

सातपूरचे_काका

आमच्याकडे ३० वर्षं एक्झॉस्ट फॅन आहे, नऊ इंची. काही अडलं नाही. ही सगळी फॅशन.

कॉलेजरोडवाली

काका, तुमच्या माळ्यावरचे डबे कोण पुसतं ते एकदा काकूंना विचारा 😀

गंमत सोडा पण फरक आहे. एक्झॉस्ट भिंतीत वर कोपऱ्यात असतो, तोवर धूर अख्ख्या किचनमध्ये फिरून मग तिकडे जातो, वाटेत तेल सगळीकडे बसतं. चिमणी कढईच्या डोक्यावरच धरते. तरी एक्झॉस्ट काढू नका हं ताई, डाळ शिजताना किंवा दूध तापवताना तोच पुरतो, चिमणी चालू करायची गरजच नसते.

आता दिसण्याबद्दल, कारण मूळ प्रश्न तोही होता आणि दादांनी तो शेवटी ढकलला. ओपन शेल्फ चिमणीला लागून अजिबात नको. चिमणी कितीही चांगली असली तरी फोडणीचं थोडं तेल बाजूला उडतंच आणि आठ दिवसांत त्या सुंदर शेल्फवरच्या बरण्या मेणचट होतात, त्यावर पीठ बसतं, मग ते नुसतं पुसून निघत नाही. फोटोतल्या त्या घरांत बहुतेक पास्ता उकळत असतात. शेल्फ हवेच असतील तर सिंकच्या बाजूला घ्या, रोज वापरातली ताटं वाट्या तिथे ठेवा म्हणजे आपोआप धुतल्या जातात.

मॅट काळा: लांबून राजेशाही, जवळून प्रत्येक बोट आणि पिठाचा प्रत्येक कण दिसतो. चकचकीत काळी काच पुसायला सगळ्यात सोपी, एक फडकं मारलं की झालं. स्टीलवर पाण्याचे डाग राहतात पण सेज ग्रीनबरोबर स्टील छान दिसतं, जरा घरगुती वाटतं. माझं मत विचाराल तर चिमणीला हिरो करायचं नसतंच. डॅडो टाइल (ओट्यामागच्या भिंतीची) चांगली घ्या, ओट्यापासून थेट चिमणीच्या वरपर्यंत एकसलग, आणि चिमणी साधी सरळ. नजर टाइलवर जाते.

इंदिरानगरकर_ताई

शेल्फचं पटलं, म्हणजे मनाला लागलं पण पटलं. मग ती चिमणी प्लायच्या बॉक्समध्ये लपवतात ना, वरून ट्रॉलीसारखंच लॅमिनेट, तसं केलं तर? आणि सक्शन किती घेऊ, दुकानात शरणपूर रोडला एक म्हणाला १२०० (म्हणजे तासाला तेवढे घनमीटर हवा ओढणारी), दुसरा म्हणाला १२०० काहीच नाही १५०० घ्या.

चिमणी_सर्व्हिस_नाशिकरोड

मी रोज चिमण्या उघडतो म्हणून थोडं लांबलचक लिहितो, चालवून घ्या.

तुमचं किचन १० बाय ८, उंची साडेनऊ फूट धरली तर ७६० घनफूट, म्हणजे साडेएकवीस घनमीटर. तासाला १५ वेळा हवा बदलायची म्हटली तरी सव्वातीनशे घनमीटर होतात. मग १२०० कशाला? कारण बॉक्सवरचा आकडा हा कमाल असतो, वरच्या स्पीडचा, घरातल्या जाळी आणि पाईपशिवायचा. घरी आल्यावर फिल्टरचा अडथळा, पाईपचा अडथळा, प्रत्येक वळणाचा अडथळा, वर तेल साचलेलं. आणि आपली फोडणी म्हणजे एका क्षणात भपकन येणारा धूर. म्हणून १२०० ठीक आहे, पण १५०० ची चिमणी वाकड्या चेपलेल्या पाईपवर लावली तर ती सरळ पाईपवरच्या १००० वालीच्या मागे पडते. आवाज मात्र पूर्ण १५०० चा करते.

पाईप सहा इंचीच घ्या. चिमणीचं तोंड सहा इंची असताना पुढे चार इंची पाईप जोडलेला मी बघतो आणि मालक म्हणतो ओढत नाही. ती ॲल्युमिनियमची वळ्या वळ्यांची नळी शक्य तितकी कमी, ताणून बसवायची, वळ्यांत तेल साचतं. लांब अंतर असेल तर गुळगुळीत कडक पाईप. बाहेरच्या टोकाला खाली तोंड असलेलं काउल (टोपी) आणि उलटी हवा अडवणारी झडप लावा, नाहीतर जुलैमध्ये पाऊस आत आणि वर्षभर कबुतरं. भिंतीला कोर कटिंग मशीनने भोक पाडून घ्या, छिन्नी हातोडी नको, आणि बीमला हात लावायचा नाही, बीमच्या खालून.

उंची: बर्नरच्या वरून मोजायची, ओट्यावरून नाही. साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर, म्हणजे २६ ते ३० इंच, नेमकी तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असते ती पाळा. ओटा ३४ इंच, शेगडीचे तीन चार, वर २६, म्हणजे चिमणीची कड जमिनीपासून साडेपाच फुटांच्या आतच येते. तुमचे मिस्टर उंच असतील तर सपाट काचवाली चिमणी रोज कपाळाला लागेल. तिरकी तेवढ्यासाठी बरी, समोर डोकं मोकळं राहतं. पण तिरकीत धूर धरायला खाली पोकळी कमी असते, त्यामुळे मोठा भपका आला की थोडा समोरून निसटतो. मोठ्या भाजणीला पाच मिनिटं आधीच चालू करून ठेवायची.

साईज: दोन बर्नरला ६० सेंटिमीटर, तीनला ७५ किंवा ९०. शेगडीपेक्षा अरुंद चिमणी घेऊ नका, धूर वर जाताना पसरतो.

ऑटोक्लीन म्हणजे चिमणी स्वतः धुतली जाते असं नाही. आतलं तेल गरम करून पातळ करतं आणि ते खालच्या वाटीत येतं, ती वाटी तुम्हीच ओतायची. पाईप ते साफ करत नाही. जाळीवालीपेक्षा बॅफल फिल्टरवाली (वाकवलेल्या स्टीलच्या पट्ट्यांची) घ्या, गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, महिन्यातून एकदा.

प्लायचा बॉक्स चालतो, पण खालची कड आणि आतली बाजू स्टीलची हवी, नुसतं लॅमिनेट वाफेने फुगतं आणि पट्टी सुटते. मशीन बिल्ट-इन टाइपचंच घ्यायचं, आणि पुढची फळी काढता येईल अशी ठेवा. मोटर उघडायला आम्हाला बॉक्स फोडावा लागला की तुम्ही आमच्यावरच चिडता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा गॅस गीझर ड्राय बाल्कनीत आहे ना. डिसेंबर जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, लोक सगळ्या खिडक्या लावून बसतात. बंद घरात चिमणी फुल स्पीडला असली की तिला बाहेर टाकायला हवा कुठून तरी हवीच, मग ती गीझरचा जळका गॅस पण आत ओढू शकते. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास येत नाही. बाल्कनीचं दार बंद ठेवा आणि चिमणी चालू असताना किचनची खिडकी चार बोटं उघडी. हवा आत आली तर चिमणी ओढते पण चांगली.

इंदिरानगरकर_ताई

बापरे गीझरचं कोणीच सांगितलं नव्हतं, ना डिझायनरने ना दुकानदाराने. धन्यवाद दादा. मिस्टर पाच अकरा आहेत.

मग गॅस मध्यभागी ठेवला तर पाईप दक्षिणेच्या भिंतीपर्यंत पाच फूट आणि चिमणीवर एक वळण. हे चालेल का?

ओटा_ते_माळा

चालेल. पाच फूट काही जास्त नाही. पण ताई, गॅस मध्यभागी कशाला अडवून ठेवताय? पूर्वेची भिंत आणि दक्षिणेची भिंत जिथे मिळते तो कोपरा कुठला? आग्नेय! सासूबाईंना सांगा गॅस आग्नेयेला सरकवतोय, तोंड पूर्वेलाच, त्या स्वतः हो म्हणतील. पाईप अडीच तीन फुटांत बाहेर.

फक्त अगदी कोपऱ्यात खेटू नका. शेगडी आणि कोपरा यात दीड फूट सोडा, कढईचे कान, कुकरची मूठ आणि तुमचं कोपर मावायला हवं. आणि खिडकीतल्या वाऱ्याने ज्योत हलत असेल तर त्या बाजूचं तावदान पक्कं करून दुसरं उघडं ठेवा.

त्या दीड फुटाच्या वर एक अरुंद कपाट घ्या, त्याच्या वरच्या कप्प्यातून पाईप न्या, खालच्या दोन कप्प्यांत तेल, तिखट, मीठ. बाहेरून बघणाऱ्याला पाईप आहे हे कळणारच नाही. मध्यावर नसल्याने सिमेट्री जाईल, पण डाव्या हाताला सलग सहा फूट ओटा मोकळा मिळतो. पोळ्या लाटायला, दिवाळीत चकल्यांचे ताट पसरायला.

कॉलेजरोडवाली

आणि मध्यभागाचा हट्ट सुटला की चिमणी तिरकी असली तरी खटकत नाही, कारण कपाटाच्या ओळीत येते. मिस्टर जिंकले म्हणायचं 😀 काळी काच, ७५ ची. ९० ची त्या कोपऱ्यात फार अंगावर येईल.

सातपूरचे_काका

हिने आत्ता हे वाचलं आणि विचारतेय की आपल्या एक्झॉस्टच्या भोकातून सहा इंची पाईप जाईल का.

चिमणी_सर्व्हिस_नाशिकरोड

जातो काका. भोक नऊ इंची आहे ना, फॅन काढून प्लेट बसवायची, तिला सहा इंची रिंग, बाकी भाग बंद. पण गॅसपासून ते भोक किती लांब आहे ते मोजून सांगा आधी.

इंदिरानगरकर_ताई

सासूबाई "आग्नेय" ऐकून लगेच हो म्हणाल्या. डिझायनर तोंड पाडून नवीन ड्रॉइंग करतोय. शेवटचं एक विचारते, चिमणीच्या आतले दिवे पुरतात का की ओट्यावर वेगळी पट्टी लावू?

कॉलेजरोडवाली

वेगळी लावाच, कपाटाखाली, उबदार पांढऱ्या रंगाची. चिमणीचा दिवा फक्त कढईवर पडतो, भाजी चिरायच्या जागी आपलीच सावली. पॉइंट आत्ताच काढून घ्या, टाइल लागायच्या आधी. चिमणीचा प्लग पण वर कपाटात घ्या, बाजूला वायर लोंबायला नको.