जुनी लाकडी डिंगी खुल्या शर्यतीत उतरवावी का?

शिडवाला, शाहूपुरी
मंडळी, मत द्या. माझ्याकडं प्लायवुडची जुनी एंटरप्राइज डिंगी आहे. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली ही दोघांनी चालवायची होडी, चार मीटरपेक्षा जरा लांब, शिडं निळी. घरच्या घरी प्लाय कापून बांधता यावी अशीच तिची आखणी. तळाचं कुजलेलं प्लाय मी बदललं, सुकाणूच्या बिजागऱ्या उद्यमनगरात गनमेटलमध्ये, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूत, ओतून घेतल्या. आता तिला मुंबईला सगळ्या प्रकारच्या होड्यांच्या खुल्या शर्यतीत फायबरच्या लेझर होड्यांबरोबर सोडायचीय. घरचे म्हणतात जपून ठेव. मी म्हणतो, शर्यतीसाठी जन्मलेली होडी शेडमध्ये का सडवायची?

तालीमवाला, मंगळवार पेठ
भावा, माझा विरोध. खासबागेच्या कुस्ती मैदानात दोघा पैलवानांना समोरासमोर उभं करून जोड ठरवतात. लेझरचा सांगाडा ५९ किलोचा, तुझी होडी नव्वदच्या वर. ही जोड लागतच नाही. जुन्याला जुनीच भिडव.

शिडवाला
दुसरी जुनी कुठून आणू? आजवर शेजारी उभी करायला एक मिळाली नाही. आणि नुसत्या वजनावर जाऊ नकोस. लेझर एकट्यानं चालवतात, माझ्याकडं माणसं दोन आणि शिडंही मोठी. जोड लावायचं काम पोर्ट्समथ यार्डस्टिक ही वेळ जुळवून घ्यायची पद्धत करते. प्रत्येक प्रकाराच्या होडीला एक आकडा असतो, लागलेल्या वेळेला त्यानं भागायचं आणि हजारानं गुणायचं. समजा ११०० आकड्याची होडी ५५ मिनिटांत आली, तिचे ५० धरले. १२०० ची ५९ मिनिटांत आली तर तिचे ४९ मिनिटं १० सेकंद. मागून आलेली जिंकली. ह्याच्यापेक्षा सरळ न्याय कुठला?

वाऱ्यावरचा, राजारामपुरी
इथंच चुकताय. तो आकडा त्या प्रकाराचा, तुमच्या होडीच्या वयाचा नाही. कालच बांधलेल्या एंटरप्राइजलाही तोच. पाणी पिऊन जड झालेल्या प्लायला कसलीच सवलत नाही. शिवाय आकडा निरनिराळ्या वाऱ्यांतल्या शर्यतींवरून काढलेला. जोराचा वारा सुटला की हलकी होडी लाटेवर चढून पाण्यावरून सरकायला लागते, त्या दिवशी तुमची मागंच राहणार.
आणि मला खरी काळजी धडकेची आहे. उजवीकडून वारा घेणाऱ्याला वाट द्यायची हा नियम सगळ्यांना पाठ असतो, तरी सुरुवातीच्या रेषेवर होड्या घासतात. फायबरचं टोक तुमच्या प्लायमध्ये घुसलं तर इतक्या महिन्यांचं काम पाच सेकंदांत गेलं. मी लाकडाचं काम शिकलोय, म्हणून तळमळीनं सांगतो.

शिडवाला
वयाचा मुद्दा मान्य, याचा विचार मी केलाच नव्हता. जाण्याआधी होडी काट्यावर चढवतो. किती जड झालीय ते कळेल, आयोजकांशी बोलायलाही आधार होईल. पण धडकेच्या भीतीनं थांबणार नाही. फाटलेलं प्लाय बदलता येतं, एकदा बदललंयच की. तिच्यात बसून वाऱ्याला शीड लावलं की सुकाणू हाताला कसं ओढतं, ते शेडमध्ये ठेवून कुणाला कळणार? पहिल्या वेळी रेषेवरच्या गर्दीत शिरणार नाही, मागून निघेन.

तालीमवाला
मागून निघायचं असेल तर अर्धी शर्यत तिथंच सोडलीस. माझा विरोध कायम. पण काट्यावर चढवायला चार हात लागतील. रविवारी सकाळी येतो, तालमीतली दोन पोरं घेऊन.