पैसे भरले की निसर्ग शिक्षण, नाही भरले की गैरहजेरी?

कोरडवाहू
काल इथंच एका ताईंनी लिहिलं होतं: सहावीतला मुलगा धुळवडीच्या सुट्टीत मेळघाटात दोन रात्रींच्या निसर्ग शिबिराला गेला आणि 'माणूस होऊन आला', आता प्रत्येक शाळेनं असं शिबिर सक्तीचं करावं. खाली बदामच बदाम. उत्तर लिहायला बसलो तर लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

ताई, मुलाचं कौतुक आहेच. पण सक्ती कोणावर? मी त्याच मेळघाटातल्या धारणी तालुक्यात सात वर्षं मास्तरकी केली. मोह टपकायला लागला की वर्ग अर्धा रिकामा. फुलं पहाटे पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर ढोरं खातात. पोरं चारला उठून आईबरोबर झाडाखाली. शाळेत यायची ती दुसरा तास संपताना, डोळे चोळत. वहीच्या पानांनाही तो गोडसर, आंबूस वास. हजेरीत मी काय लिहायचो? 'गै'. आणि तुम्ही टाकलेल्या माहितीपत्रकात काय छापलंय? 'पहाटे मोहफुलं वेचण्याचा अनुभव'. साडेतीन हजार रुपये. तेच झाड, तीच पहाट. एकाची हजेरी बुडाली, दुसऱ्याला प्रमाणपत्र.

सहावीची आई
मीच ती ताई. सर, 'गै' तुम्ही लिहीत होता, मी नाही. त्याचा राग माझ्या पोरावर का?

आम्ही दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या सपाट भागातले. इथं डोंगर दिसत नाही, झाड म्हणजे बाभूळ. पोरगा घाटात दोनदा ओकला. पुढे रस्त्यात बायापोरींनी गाडी अडवून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागितला, तर याला वाटलं लुटायला आल्या. पहिल्या रात्री रडला, मला फोन लावून द्या म्हणाला. तिथं रेंज नाही, आणि असती तरी लावून दिला नसता असं शिबिरवाल्यांनी मला नंतर तोंडावर सांगितलं. तेव्हा मीही भांडले.

दुसऱ्या रात्री त्यांनी टॉर्च कपाळाला लावून गवतात बघायला सांगितलं. हिरवे बारीक ठिपके चमकतात. दव वाटतं, जवळ गेलं की प्रत्येक ठिपका म्हणजे एक कोळी, त्याचे डोळे. टॉर्च कमरेशी धरली तर काहीच दिसत नाही, डोळ्यांच्या रेषेतच धरावी लागते. घरी आल्यावर त्यानं मला रात्री अकराला अंगणात नेलं. आमच्याच अंगणात सतरा निघाले! पंधरा वर्षं मी तिथं सडा टाकतेय.

मचाणवाला
रातीची शाळा पायची असन तं आमच्या वावरात या. मायं पोट्टं बारा वर्साचं हाय. उन्हाळी भुईमूग पेरला तवापासून माळ्यावर, मंजे वावरातल्या मचानावर, माह्यासंगं जागलीले रायते. डबा वाजोते, ब्याटरी मारते, सकाळी शाळेत बाकावर झोपते. त्याचं प्रमाणपत्र कोन देते? डुकराचा कळप एका रातीत अर्धा एकर उकरून टाकते. पंचनाम्याले मानूस येते तवा त्या वावरात दुसरं पीक उभं रायते.

रानवाट
जंगलात काम करतो म्हणून बोलतो. डुकरं काही आकाशातून पडली नाहीत. जंगलाच्या कडेपर्यंत नांगर आपणच नेला.

मचाणवाला
हे पाहा, आले. माह्या आज्याचं वावर हाय थे, जंगल तोडून नाई घेतलं. डुकरापायी ज्वारी सोडली. ज्वारी गेली तं कडबा गेला, कडबा गेला तं बैलजोडी गेली. अन् तुमी मले शिकवा!

पऱ्हाटी
भाऊ, कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावा ना, तार लागली की जनावराला झटका बसतो. आमच्याकडं सगळ्यांनी लावली.

मचाणवाला
लावली होती. ब्याटरी चोरीले गेली. मंग बायकोच्या जुन्या साड्या बांधल्या. चार दिवस डुक्कर भेलं, पाचव्या दिवशी साडी पांघरून गेलं.

रानवाट
झटका ठीक आहे, तो क्षणभर बसतो. पण काही लोक सरळ खांबावरचा करंट तारेत सोडतात. मी स्वतः तारेवर पडलेलं अस्वल उचललंय. आणि एकदा माणूस. सकाळी बांधावर गेलेला, शेजारचाच.

पऱ्हाटी
म्हणजे मी करंट सोडतो म्हणता? नीट वाचा आधी.

रानवाट
'काही लोक' लिहिलंय. तुम्हाला का झोंबलं?

कोरडवाहू
डुकरांसाठी दुसरा धागा काढा बाप्पा. मुद्दा शाळेचा होता.

मचाणवाला
मास्तर, शाळेचाच हाय. पोट्टं झोपते ना बाकावर.

दवाखान्यातली
मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. कोळ्यांचं कौतुक झालं असेल तर विचारते: मुलं झोपली कशावर? सतरंजीवर, जमिनीवर? मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, पुष्कळदा दुखतही नाही. लेकरू पहाटे पोटात दुखतं म्हणतं, घरचे ओवा देतात. पापण्या मिटायला लागल्या की आमच्याकडं धावतात. मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचली तरी मोठा धोका टळतो. शिबिरात होती का? आणि मोहाच्या दिवसांत पहाटे झाडाखाली अस्वलही येतं, हे माहितीपत्रकात होतं का?

सहावीची आई
मच्छरदाणी होती. खोचलेली होती का, ते विचारलं नाही. अस्वलाचं नव्हतं लिहिलेलं. बरोबर आहे तुमचं.



प्रकल्पवही
सक्तीवरून भांडताय म्हणून आठवण. पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा हे सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्येच सांगितलं. त्यातून आमच्या वाट्याला काय आलं? अकरावी-बारावीची प्रकल्पवही, जी दुकानात तयार मिळते. 'माझ्या परिसरातील जलप्रदूषण', नाव तेवढं बदलायचं. शिबिर सक्तीचं केलं की तेही तयार मिळेल, फोटोसकट.

सिपनाकाठ
कोरडवाहू सर, मी त्या 'गै' मधलाच एक. तुमच्या शाळेतला नाही, पण तसाच. आता सीझनला अशा शिबिरांत वाट दाखवतो, पोरांना मोहाखाली मीच नेतो. दिवसाचे पाचशे मिळतात, साडेतीन हजारांचा हिशोब तुम्हीच करा.

तुम्ही दोघंही झाड फुकटचं धरून चाललात. आमच्या गावात कोणता मोह कोणत्या घरानं वेचायचा हे ठरलेलं असतं. शिबिराची तीस पोरं ज्या झाडाखाली नेली ते एका म्हातारीच्या वाट्याचं. तिनं रात्रीच खालचा पाला झाडून जागा साफ केली होती. पोरांनी टोपीभर फुलं वेचली, थोडी चाखली, थोडी एकमेकांना मारली. म्हातारी टोपलं घेऊन उभी. तिचं नुकसान मी माझ्या पाचशेतून दिलं.

व्याघ्र प्रकल्प 1974 चा. आतली काही गावं नंतर खाली अकोटकडं उठवली, त्यात माझी मावशी गेली. ती आता सपाटीवर राहते, तिच्या नातवंडांना मोह दाखवायचा तर तेही पाहुणेच. त्यांना न्या ना शिबिराला, बिनपैशाचं. आणि माहितीपत्रकात आमच्या कोरकूला 'बोली' लिहू नका. ती मराठीची बोली नाही, मुंडा कुळातली वेगळी भाषा आहे.

कोरडवाहू
म्हातारीचं डोक्यात आलंच नव्हतं. सात वर्षं तिथं राहून.

सहावीची आई
माझा पोरगा टोपीत फुलं घेऊन आलाय. फ्रीजवर वाळत ठेवलीत. आता त्या फुलांकडं बघवत नाही, हे दिलंत तुम्ही सगळ्यांनी मिळून. बरं, सक्ती मागे घेते. खूश? आणि पुढच्या सुट्टीत मचाणवाल्या भाऊंच्या माळ्यावर पाठवते, साडेतीन हजार त्यांना.

मचाणवाला
धाडा. पैसे नोको, ब्याटरी धाडजा चांगली.

मचाणवाला
काल राती पाह्यलं ताई. ब्याटरी कपाळाले लावली तं धुऱ्यावर हिरवंगार झालं. पोट्ट्यानं एकशेचारपर्यंत मोजले, मंग मीबी बसलो मोजत. तेवढ्यात डुकरं मांगून दोन तास खाऊन गेले.

पऱ्हाटी
झटका मशीन लावा.