आश्रमात पाठवण्याआधी पेन्शनचं बघा

सोलापूरच्या विधवा मावशींना वृंदावनला पाठवावं की पंढरपूरच्या मठात, अशी चर्चा चाललीय; तिच्यात पैशाची बाजू राहून गेलीय. वृंदावनच्या भजनाश्रमांत पाळीने तासन्‌तास भजन केल्यावर हाती येतात थोडे तांदूळ-डाळ आणि किरकोळ रुपये. तिथे विधवांसाठी २०१८ साली सुरू झालेल्या कृष्णा कुटीर या सरकारी निवासात हजार जणींची सोय आहे. पण वृंदावनात राहणाऱ्या बहुतेक विधवा बंगाली, सोलापूरच्या बाईला बोलायला माणूस मिळणं अवघड. मला पंढरपूरच बरं वाटतं.

मठ कुठलाही असो, संजय गांधी निराधार या राज्य सरकारच्या योजनेतली पेन्शन, महिना १५०० रुपये, तुटू देऊ नका. त्यासाठी पतीचा मृत्यूदाखला, वार्षिक २१ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला, आणि गाडी अडते ती इथे. सोलापुरात जन्मभर विड्या वळलेल्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेतच नाही. म्हणून निघण्याआधी आधार केंद्रात ठसे आणि बुबुळं दोन्ही अपडेट करून घ्या. मोबाईल नंबर त्यांचाच जोडा, भाच्याचा नको. आणि पासबुक मठाच्या व्यवस्थापकाकडे सांभाळायला अजिबात देऊ नका.