दत्तकाची वाट : दोन हंगाम गेले, अजून किती?

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका) :
'कारा'च्या (दत्तकाचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर नोंदणी करून दोन हंगाम झाले. घर तपासायले संस्थेच्या बाई आल्या तवा आईनं आढ्याले पाळण्याची कडी ठोकून ठेवली होती. ती अजून रिकामीच. बायको रोज यादीतला नंबर पाहते अन् मुकाट चूल पेटवते. आई म्हणते, "लेकरं सारे विदेशात धाडतात." खरं काय?

वर्धेकरीण :
नाही हो भाऊ. २०२४-२५ मध्ये ४५१५ दत्तकं झाली, त्यातली ४१५५ देशातच. बाहेर जाणारी बहुतेक मोठी, नाहीतर विशेष गरजा असलेली. आमाले साडेतीन वर्षं लागली. दोन वर्षांखालचंच पाहिजे म्हणून बसलो होतो, अन् गर्दी तिथंच.

पऱ्हाटीवाला :
आमचं दोघांचं वय मिळून ८४.

वर्धेकरीण :
दोन वर्षांखाली ८५ची मर्यादा, दोन ते चारसाठी ९०. थोडं मोठं लेकरू चालत असन तर पहा. अन् फोन जवळ ठेवा, लेकराची माहिती आली की ४८ तासांत होकार द्या लागते.

पऱ्हाटीवाला :
वावरात रेंजच नाही! धुऱ्यावरच्या बाभळीखाली एक कांडी येते. खाट तिथंच टाकतो.