विम्बल्डनची तिकिटे ऑनलाइन कशी घ्यावीत, आणि टेनिसचे मूळ कोठले?

वेदगंगाकाठ (निपाणी):
मुलगी शिक्षणासाठी मँचेस्टरला असल्यामुळे येत्या जूनअखेरीस आम्ही उभयता तिकडे जाणार आहोत, आणि त्या मुक्कामात विम्बल्डनचा एखादा सामना प्रत्यक्ष पाहावा अशी इच्छा आहे. एका संकेतस्थळावर सेंटर कोर्टची (तेथील मुख्य मैदानाची) ‘खात्रीशीर’ तिकिटे दिसतात. मात्र किंमत मूळ दराच्या कित्येक पट आहे आणि तिकीट कोणाच्या नावे असेल याचा उल्लेख कोठेही नाही. असे तिकीट घ्यावे काय? दुसरी शंका धाकट्या मुलाची. तो बेळगावात टेनिस शिकतो. त्याचे प्रशिक्षक हा खेळ इंग्रजांचा म्हणतात, तर शाळेतील इतिहासाचे सर तो फ्रान्सचा असल्याचे सांगतात. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

टिळकवाडीकर:
असे तिकीट मुळीच घेऊ नये. विम्बल्डनची सर्वसाधारण तिकिटे हस्तांतरणीय नसतात, त्यामुळे तिऱ्हाइताकडून घेतलेले तिकीट प्रवेशद्वारावर रद्द ठरवले जाऊ शकते, आणि तेथे पोहोचल्यावर दाद मागणार कोणाकडे? याला अपवाद डिबेंचरच्या आसनांचा. १९२० पासून ही स्पर्धा भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबने चर्च रोडवरील मैदानाच्या उभारणीसाठी असे रोखे काढले. त्यांच्या धारकांना आपली तिकिटे विकण्याची मुभा आहे, पण ती फार महाग असतात.

सरळ मार्ग दोन आहेत. पहिला सोडतीचा, जी १९२४ पासून चालू आहे. क्लबच्या संकेतस्थळावर खाते उघडून आदल्या वर्षीच्या साधारण सप्टेंबरात अर्ज करावा लागतो, आणि नाव निघाले तरी दिवस व कोर्ट क्लबच ठरवतो. आपल्याला आता तो मार्ग उरलेला नाही. दुसरा मार्ग रांगेचा. सेंटर कोर्ट, क्रमांक १ आणि क्रमांक २ या तिन्ही कोर्टांची प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटे दररोज रांगेतील लोकांसाठी राखलेली असतात (सेंटर कोर्टची मात्र शेवटच्या चार दिवसांत नसतात), शिवाय नुसत्या मैदानप्रवेशाचीही मिळतात. मोठ्या कोर्टासाठी लोक आदल्या रात्रीच तंबू ठोकतात. आपल्या वयाला ते झेपणार नसेल, तर सकाळी लवकर जाऊन मैदानप्रवेश घ्यावा. पहिल्या आठवड्यात बाहेरच्या कोर्टांवर नामांकित खेळाडू अगदी हाताच्या अंतरावरून पाहायला मिळतात, आणि माझ्या मते खरी मौज तीच आहे. लवकर निघून गेलेल्या प्रेक्षकांची मोठ्या कोर्टांवरील आसने दुपारनंतर आवारातच पुन्हा विकली जातात व ती रक्कम धर्मादाय कामासाठी जाते.

मलप्रभा (खानापूर):
इतिहासाचे सर आणि प्रशिक्षक, दोघेही बरोबर आहेत. ते दोन वेगवेगळ्या खेळांविषयी बोलत आहेत इतकेच. फ्रान्समध्ये मध्ययुगात चेंडू तळहाताने मारण्याचा खेळ रूढ होता. पुढे हातमोजा आला, मग रॅकेट आली, आणि भिंतींनी वेढलेल्या बंदिस्त कोर्टांत राजेरजवाडे तो खेळू लागले. इंग्लंडचा आठवा हेन्री हॅम्प्टन कोर्ट येथे खेळत असे. २० जून १७८९ रोजी फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुरुवातीस प्रतिनिधींनी व्हर्सायला जी प्रसिद्ध शपथ घेतली, तीही अशाच कोर्टात.

हिरवळीवरचा खेळ मात्र इंग्लंडचाच. जुना चेंडू गवतावर उसळत नसे. व्हल्कनाइज्ड (गंधकाची प्रक्रिया केलेल्या, लवचिक) रबराचे चेंडू आणि १८३० मध्ये निघालेले गवत कापण्याचे यंत्र यांमुळे तो बाहेर खेळणे शक्य झाले. बर्मिंगहॅममध्ये हॅरी जेम आणि त्याचा स्पॅनिश मित्र ऑग्युरिओ परेरा १८६० च्या आसपास तसे खेळतच होते. १८७४ मध्ये मेजर वॉल्टर विंगफील्डने एकस्व (पेटंट) घेऊन जाळी, रॅकेट व चेंडूंचे संच विकायला काढले. १८७७ मध्ये विम्बल्डनच्या याच क्लबला, जो तेव्हा मुख्यतः क्रोके (हिरवळीवर लाकडी हातोडीने चेंडू टोलवण्याचा खेळ) खेळणाऱ्यांचा होता, हिरवळ सपाट करणारा रोलर दुरुस्त करण्यासाठी पैसे हवे होते, म्हणून स्पर्धा भरवली गेली, असे सांगितले जाते. २२ खेळाडू, विजेता स्पेन्सर गोर, अंतिम सामन्याचे प्रवेशशुल्क एक शिलिंग आणि प्रेक्षक सुमारे २००. त्या वेळी आखलेले ७८ बाय २७ फुटांचे एकेरीचे कोर्ट आजही तेच आहे. पंधरा-तीस-चाळीस ही मोजणी मात्र जुन्या फ्रेंच खेळातून आलेली आहे. ब्रिटिश लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांनी हा खेळ आपल्याकडे आणला, आणि लाहोरला १८८५ मध्येच पंजाबची स्पर्धा सुरू झाली.

वेदगंगाकाठ (निपाणी):
दोघांचेही आभार. रांगेचाच विचार पक्का करतो. तेथे आमचे येथील कार्ड चालेल काय?

टिळकवाडीकर:
रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते स्वतः सुरू करावे लागतात व मर्यादाही ठरवता येते. रुपे कार्ड सर्वत्र चालेलच असे नाही, तेव्हा व्हिसा किंवा मास्टरकार्ड जवळ असावे, आणि परकीय चलनाचे शुल्क वेगळे लागते हेही लक्षात घ्यावे. धाकट्यासाठी एक सुचवतो: बंगळूरला कब्बन पार्कमधील स्टेडियमवर चॅलेंजर दर्जाची (व्यावसायिक टेनिसमधील दुसऱ्या फळीची) बंगळूर ओपन होते, आणि राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री निघाल्यास सकाळी तेथे पोहोचता येते. धारवाडलाही २०२३ मध्ये आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) पुरुषांची स्पर्धा झाली होती. पुन्हा झाली तर तेथे न्यावे, बेळगावाहून ते फार लांब नाही.