वडोदरा: वडिलोपार्जित घरात लग्न झालेल्या मुलीचा हिस्सा

प्रश्न: दांडिया बाजारातलं वडिलोपार्जित घर. वडील २००३ साली वारले. भाऊ पेढीनाम्यात (वारसांच्या वंशावळीत) बहिणीचं नाव घालायला तयार नाही, म्हणतो, ‘लग्नात दिलं ना सगळं!’ तिचा हक्क उरतो का?

उत्तर १: उरतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच वाटेकरी, ठरते. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. लग्नखर्च म्हणजे हिस्सा नव्हे. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणी झाली असेल, तर ती मोडत नाही.

उत्तर २: घर वडिलांच्या स्वकमाईचं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आई, भाऊ, बहीण यांना सारखा वाटा, म्हणजे एकतृतीयांश.

खरा घात सहीत होतो. ‘वारसाईची सही’ म्हणून पुढे केलेला कागद हक्क कमी करण्याचा, म्हणजे हिस्सा सोडून देण्याचा, निघतो. गुजरातीत ‘हक कमी’ हे शब्द दिसले तर पेन खाली ठेवा, नक्कल मागा. फेरफार नोंदीची (सरकारी दप्तरात मालकाचं नाव बदलण्याची) नोटीस आली की ३० दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या. मुदत गेली तरी घाबरू नका: फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही, वाटणीचा दावा दिवाणी कोर्टात करता येतो.

उत्तर ३: आधी प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढा.